परत कॉलेजला जायचंय, पण दोन तास कुठून आणायचे?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

दौंड-पुणे शटलमध्ये दारापाशी उभं राहून ऐकणाऱ्यांना आधी नमस्कार, बसायला जागा मिळालेल्यांना नंतर.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलाय. शिक्षण मध्येच सुटलं. कुणाचं लग्नामुळे, कुणाचं घरच्या परिस्थितीमुळे, कुणाचं एटीकेटीच्या चक्रात. मग पाच-दहा-पंधरा वर्षं कामात गेली. आणि आता परत कॉलेजात नाव घालावंसं वाटतंय. मेसेजमध्ये प्रश्न जवळपास एकाच शब्दांत येतो: "आता वय झालं, जमेल का?"

हे विचारणाऱ्यांत २६ वर्षांची पोरं पण असतात, बरं का! २६ ला वय झालं म्हणणारा माणूस ४० ला काय म्हणेल, कुणास ठाऊक.

तर आज तीन गोष्टी बोलू. वयाचा मुद्दा पटकन निकालात काढू. मग खरी अडचण कुठं असते ते बघू, आणि त्यासाठी आपल्याच तालुक्यातल्या केडगावला जाऊ. शेवटी फॉर्म, कागदपत्रं, फसवणूक, अशी कामाची माहिती.

वयाचं काय?

मुक्त विद्यापीठात पदवीला वयाची वरची अट नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घ्या, नाहीतर इग्नू घ्या. तिथं साठीतले आजोबा पण परीक्षेला बसतात, आणि पर्यवेक्षक त्यांनाही हॉल तिकीट मागतो.

वकिली करायचीय? आपल्या राज्यात पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या लॉसाठी जी सीईटी असते, तिला वरची वयोमर्यादा नाही. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. एमपीएससीला खुल्या गटासाठी साधारण ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षांपर्यंत संधी असते, आणि तिथं कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. म्हणजे ३१ व्या वर्षी पदवी पूर्ण केली तरी दार उघडं आहे.

आणि "एक्स्टर्नलची डिग्री म्हणजे दुय्यम" हे जे कट्ट्यावर बोललं जातं ना, त्याबद्दल यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. खासगी कंपनीतला एखादा एचआर नाक मुरडेल, ते वेगळं. कागदावर ती पदवी पूर्ण पदवी आहे.

म्हणजे नियम बऱ्यापैकी आपल्या बाजूचे आहेत. तरी लोक का अडतात? फी? मुक्त विद्यापीठाची फी बहुतेकांच्या आवाक्यात असते. बुद्धी? रोज पतसंस्थेचा हिशोब जुळवणाऱ्या, नाहीतर कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत मशीन सांभाळणाऱ्या माणसाला एफवायची पुस्तकं समजणार नाहीत, असं काही नसतं.

माझ्या मते लोक अडतात ते दिवसातल्या दोन तासांपाशी. अठराव्या वर्षी कॉलेजला जाणाऱ्या पोराचे दोन तास घरातलं कुणीतरी आधीच मोकळे करून ठेवलेले असतात. त्याचा डबा भरलेला असतो, कपडे धुतलेले असतात, लाईटबिल दुसरं कुणीतरी भरतं. त्याला ते दिसत पण नाही. तिशीतला माणूस परत शिकायला लागतो, तेव्हा डबा भरणारा, बिल भरणारा आणि अभ्यास करणारा एकच असतो. त्याचे दोन तास कोण मोकळे करणार?

हा प्रश्न नवीन नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो एका बाईने आपल्या तालुक्यात सोडवून दाखवलाय.

केडगावची गोष्ट

दौंडहून पुण्याकडे निघालं की पाटस, कडेठाण आणि मग केडगाव. आपण गुऱ्हाळांसाठी ओळखतो ते केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शाळेत आपण त्यांच्याबद्दल दोन ओळी वाचलेल्या असतात, समाजसुधारक वगैरे. मला त्यांच्याकडे मोठ्या वयात शिकणारी विद्यार्थिनी म्हणून बघायचंय.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृत आईवडिलांकडून लहानपणीच शिकल्या. विशीत कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. पण आधुनिक शिक्षण, इंग्रजी, गणित, विज्ञान यांची सुरुवात कधी झाली? १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात मनोरमा, वर्षाची पोर. त्यानंतर पुण्यात येऊन इंग्रजीचे धडे सुरू झाले. १८८३ मध्ये त्या पोरीला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानाच्या दुखण्यामुळे तो बेत सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. वय साधारण २६, विधवा, एका लेकराची आई.

आता बघा, त्यांचे दोन तास कुणी मोकळे केले? मनोरमेला सांभाळायला वाँटेज या गावच्या ख्रिस्ती जोगिणी होत्या. खर्चासाठी रमाबाई त्याच कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. म्हणजे बाळाची सोय, राहायची सोय, आणि शिकता शिकता कमाई. रमाबाई हुशार होत्या यात वादच नाही. पण या तीन गोष्टी नसत्या तर ती हुशारी चुलीपुढेच राहिली असती. (त्यांनी तिकडे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून इकडे मोठा वाद झाला. तो वेगळ्या भागाचा विषय आहे.)

१८८९ मध्ये त्या परत आल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. मुख्यतः विधवांसाठीची ही निवासी शाळा. अमेरिकेत बॉस्टनला त्यांनी एक मंडळ उभं केलं होतं, त्यांनी दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलेलं. म्हणजे राहणं-जेवणं याची चिंता आधीच मिटवलेली.

सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली, आणि शाळेत आली ती विशी ओलांडल्यावर. तिला तिथं आणलं तिच्या भावाने, नरहरपंतांनी. पुढे १८९३ मध्ये याच गोदूबाईंचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. तेच आजचं एसएनडीटी. विशीतली एक बाई परत पाटी घेऊन बसली, त्यातून पुढे किती काय जोडलं गेलं बघा.

आता केडगाव. १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं भुकेनं मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना आपल्या केडगावच्या जमिनीवर घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास ही संख्या हजारांवर गेली. यातल्या कित्येक जणींनी अक्षर म्हणून बघितलेलं नव्हतं. आणि वय काही सहा वर्षांचं नव्हे, मोठ्या बायका पण होत्या.

त्यांना आधी काय दिलं? अन्न, कपडा, झोपायला जागा. मग अक्षरओळख. आणि त्याच्याच जोडीला काम: शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुधाची जनावरं आणि छापखाना. केडगावच्या छापखान्यात बायका खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. त्या काळी! कोडिंग शिकवणाऱ्या बूटकँपवाल्यांनी 'काम करता करता शिका' हा शोध लावलाय असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा केडगावला उतरून यावं.

आणि रमाबाई स्वतः? तोवर पन्नाशीच्या आसपास आलेल्या. बायबलचा साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अनुवाद करायचा, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये केडगावलाच त्या गेल्या, तोपर्यंत ते काम चालू होतं.

मला यातून एवढंच दाखवायचंय की केडगावात कुणी त्या बायकांना "हिंमत ठेवा" असं भाषण देऊन सोडून दिलं नाही. आधी त्यांच्या दिवसाची सोय केली, मग पुस्तक हातात दिलं.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली, तिथंही हाच विचार. दिवसभर राबणाऱ्याला "दिवसा ये" म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून शाळेनेच वेळ बदलली. आणि अलीकडचं उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव. ८ मार्च २०१६ ला तिथं योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन आज्या शाळेत जातानाचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. व्हिडिओत एक गोष्ट सहज लक्षात येत नाही: ही शाळा दुपारी भरायची. कारण सकाळी आणि संध्याकाळी आज्यांना घरचं काम असतं.

आमच्या घरातलं

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण हा दोन तासांचा हिशोब मी डोळ्यांनी बघितलाय. माझ्या वहिनी. दौंडमध्येच एका पतसंस्थेत काम करतात. बारावी कॉमर्स झालेलं, एफवायला असताना लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. दोन पोरं, एक सहावीत, एक तिसरीत. दादा रेल्वेत, ड्यूटी आठवड्याला बदलणारी.

तीन वर्षांपूर्वी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बीकॉमचा फॉर्म कधी सुटतो बघता का जरा?"

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे घरातल्या सगळ्या ओटीपींचं खातं माझ्याकडेच. फॉर्म उघडला आणि पहिल्याच पानावर अडकलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर सासरचंच पण स्पेलिंग वेगळं. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हवं, आणि लग्नाची नोंदणी बारा वर्षांत केलेलीच नव्हती. मग लग्नपत्रिका शोधा, भटजी शोधा, तीन साक्षीदार आणा. लग्नात अक्षता टाकायला सातशे माणसं होती, सही करायला तीन जण एका दिवशी जमवायला आठवडा गेला.

प्रवेश झाला. पुस्तकं आली. आणि मग खरा प्रकार सुरू झाला. पहाटे साडेपाचला उठायचं, पाणी, डबे, पोरांची तयारी. दहा ते सहा काम. आल्यावर स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, भांडी. रात्री साडेनऊला पुस्तक उघडलं की दहाव्या मिनिटाला डोळा लागायचा. पहिल्या परीक्षेत दोन विषय राहिले.

त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते महत्त्वाचं आहे. वडील म्हणाले, "पास झाली तर पगार वाढणार आहे का?" प्रश्न रोखठोक होता, आणि चुकीचा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "वाढेल न वाढेल. वरच्या जागेला ग्रॅज्युएट लागतो, एवढं खरं. पण पोरांच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण असा रकाना असतो. तिथं मी दरवर्षी बारावी लिहिते. ते कॉलेजचं वर्ष कुठंच मोजलं जात नाही."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "रात्रीच्या भाकरी मी थापते. तू सात ते नऊ वरच्या खोलीत जायचं. खाली यायचं नाही."

एवढंच. कुणी बक्षीस लावलं नाही, कुणी प्रेरणादायी स्टेटस ठेवलं नाही. दादाची सकाळची ड्यूटी असेल त्या आठवड्यात पोरांचा अभ्यास त्याच्याकडे, नाइट असेल तेव्हा माझ्याकडे. वहिनींचा फोन त्या दोन तासांत खाली चार्जिंगला. पहिले पंधरा दिवस पोरं दर दहा मिनिटांनी "मम्मी" म्हणून जिन्यावर, आणि आई त्यांना परत खाली आणायची. मग सवय झाली. सगळ्यांनाच.

आज वहिनी तिसऱ्या वर्षाला आहेत. पहिल्या वर्षाचा एक विषय अजून मागे आहे, कॉस्टिंगची धास्ती आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस भाकरीऐवजी खिचडी असते. म्हणजे किंमत सगळं घर थोडी थोडी मोजतंय. ती कुणी मोजायची नाही म्हटलं, तर मग ती एकट्या वहिनींनी झोपेतून मोजायची, दुसरा मार्ग नाही.

आता काहीजण म्हणतील, "तुझी आई चांगली आहे. आमच्याकडे असं कुणी नाही." मान्य. घरून वेळ मिळणारच नसेल तर मग तीन गोष्टी बघा.

एक, वेग कमी करा. तीन वर्षांची पदवी तीन वर्षांतच झाली पाहिजे असं नाही. इग्नूमध्ये तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. वर्षाला निम्मे विषय घेतले तरी गाडी मुक्कामाला पोचते.

दोन, घराबाहेरची जागा शोधा. दौंडला अभ्यासिका आहेत. तिथं सगळी भरतीची आणि एमपीएससीची पोरं असतात, पण तुम्हाला कुणी उठवत नाही. सुरुवातीला लोक "काका" म्हणतील, म्हणू द्या.

तीन, प्रवासाचा वेळ. रोज पुण्याला जाणाऱ्याचे जाताना-येताना मिळून तीन-एक तास जातात. शटलच्या गर्दीत वही उघडता येत नाही हे मला माहीत आहे, मी पण जातो. पण धडे ऑडिओत ऐकता येतात. स्वतःच्या नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐका, भारी उपयोग होतो.

आता कामाची माहिती

कागद-पेन घ्या, नाहीतर हा भाग सेव्ह करून ठेवा.

पहिलं, मान्यता. दूरशिक्षणाचा कुठलाही कोर्स घेण्याआधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची, म्हणजे डीईबीची, वेबसाइट उघडा. तिथं विद्यापीठाचं नाव, तो विशिष्ट कोर्स, आणि हे प्रवेशाचं सत्र, तिन्ही यादीत आहेत का बघा. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही.

दुसरं, काय दूरशिक्षणाने होत नाही. इंजिनियरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, लॉ या पदव्या घरबसल्या मिळत नाहीत. कुरकुंभ-रांजणगावला डिप्लोमावर काम करणाऱ्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी. "नोकरी करत करत दूरशिक्षणाने बीटेक" असं कुणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी विनापरवानगी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनियरिंगच्या पदव्यांवर कडक निकाल दिला. पैसे आणि वर्षं, दोन्ही गेली लोकांची.

मग डिप्लोमावाल्यांनी काय करायचं? थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश हा जुना रस्ता आहेच. शिवाय २०२३-२४ पासून एआयसीटीईने काही कॉलेजांना नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या तुकड्या चालवायला परवानगी दिलीय. त्यात वर्ग कामाच्या वेळा सांभाळून भरतात. अनुभव आणि कॉलेजपासूनचं अंतर यांच्या अटी असतात, त्या आधी वाचा.

माझ्या क्षेत्रात यायचं असेल तर बीसीए, एमसीए ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने होतात. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी कोर्स २०२० पासून चालू आहे, त्याला जेईई लागत नाही, त्यांचीच पात्रता परीक्षा असते. लेक्चर घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. फी मुक्त विद्यापीठापेक्षा बरीच जास्त आहे आणि गणित चांगलंच आहे, हे आधीच सांगतो.

तिसरं, कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सही. मध्ये खंड पडला असेल तर काही ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र. गुणपत्रिका हरवली असेल तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून दुसरी प्रत मिळते, आपल्यासाठी ते पुणे विभागीय मंडळ. एबीसी आयडी काढावा लागतो, आणि दूरशिक्षणासाठी २०२४ पासून डीईबी आयडी पण. हे सगळं फॉर्म सुटायच्या दोन महिने आधी सुरू करा. आमचा आठवडा साक्षीदारांत गेला, तुमचा वाचेल.

आणि दहावी-बारावीच राहिली असेल तर आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहे. खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. त्याची तारीख परीक्षेच्या बरीच आधी असते, जवळच्या शाळेत विचारून ठेवा.

चौथं, हाताची सवय. हे कुणी सांगत नाही. दहा वर्षं फक्त मोबाइलवर टाइप केलेल्या माणसाला तीन तास पेनने लिहिता येत नाही. बोटं आखडतात, येत असलेलं उत्तर अर्धं राहतं. वहिनींचे पहिले दोन विषय राहिले, त्यातल्या एकात तर पेपर पूर्णच झाला नव्हता. परीक्षेच्या आधी दोन महिने रोज चार पानं लिहा. काहीही लिहा, पण घड्याळ लावून लिहा.

पाचवं, "सहा महिन्यांत डिग्री", "पेपरला बसायची गरज नाही" असे बोर्ड. यात सांगण्यासारखं काही नाही. पावती विद्यापीठाच्या नावाची नसेल तर एक रुपया देऊ नका.

आणि आता तुमच्यासाठी

हा पॉडकास्ट ऐकणारे बहुतेक जण विशीतले आहात. तुमच्यातल्या काहींना स्वतःलाच परत जायचंय, त्यांच्यासाठी वरचं सगळं सांगून झालं. बाकीच्यांना सांगतो, तुमच्या घरात असं कुणीतरी नक्की आहे. आई असेल, मावशी असेल, बारावीनंतर वडिलांच्या आजारपणात कॉलेज सोडून टेम्पो चालवणारा मोठा भाऊ असेल. ते स्वतःहून म्हणणार नाहीत. कारण त्यांना फॉर्म ऑनलाइन भरता येत नाही, फोटो ५० केबीत बसवता येत नाही, आणि "या वयात कशाला" हे उत्तर त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन ठेवलेलं असतं.

तुम्ही एकदा विचारा. जेवताना, सहज. ते "नको" म्हणाले तर सोडून द्या, ढकलत नेऊ नका. त्यांची पदवी हा तुमचा प्रोजेक्ट नव्हे. पण "हो" म्हणाले तर फॉर्म भरून देऊन मोकळं होऊ नका. फॉर्म हे सगळ्यात सोपं काम आहे, अर्ध्या तासाचं. विचारायचं ते असं: "आई, संध्याकाळचे दोन तास तुला हवे असतील तर त्यातलं कुठलं काम माझ्याकडे देशील?" आणि मग ते काम पहिले चार दिवस नाही, शेवटच्या पेपरपर्यंत करायचं.

पदवी मिळाली की नोकरी लागेल, असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्यासोबतची कितीतरी बीटेक झालेली पोरं आज घरी बसून आहेत. पण मध्येच सुटलेलं शिक्षण माणसाला वर्षानुवर्षं टोचत राहतं, आणि ते पूर्ण करायची सोय आज दौंडमध्ये बसून होते. १८८९ मध्ये शारदा सदन निघालं आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, नाशिकला मुक्त विद्यापीठ. त्यांचं ब्रीदवाक्य आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगा दारापर्यंत आणायचं काम त्यांनी केलंय. दार उघडायला घरातल्याच कुणालातरी हातातलं काम बाजूला ठेवून उठावं लागतं.

तुमच्याकडे कुणी परत शिकत असेल, तर त्यांचे दोन तास कसे काढले ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. नावं न घेता पुढच्या एखाद्या भागात ऐकवीन. आणि हा भाग ज्याला उपयोगी पडेल असं वाटतं, त्या एकाच माणसाला पाठवा. वीस ग्रुपवर नको.

चला, केडगाव आलं असेल तर उतरणाऱ्यांना वाट द्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!